नवस फिटल्यावरची तारीख

माझ्या नवऱ्याच्या लिव्हरमधली गाठ डॉक्टरांनी काढली, पण श्रेय मिळालं बोकडाला.

तो बोकड चुलत सासऱ्यांच्या नवसाचा. आमच्या घरात अक्कल तेवढी त्यांनाच वाटून आली आहे. न्हावा शेव्याला ट्रेलर चालवणारा माझा नवरा टाके काढून चालता-फिरता झाला, तसा त्यांनी गावदेवीला बोकड दिला आणि अख्खा गाव जेवायला बोलावला. पंगतीत त्यांनी कलेजी उचलून नवऱ्याच्या ताटात घातली. म्हणाले, "तुझी कापली ना? ही खा, भरून येल." पंगत खूश. एवढं वैद्यकीय ज्ञान फुकटात कुठे मिळतं!

डॉक्टरांनी बजावलं होतं, हा रोग ऑपरेशननंतरही परत येतो, आणि येताना आवाज करत नाही. म्हणून दर तीन महिन्यांनी रक्त तपासा, स्कॅन करा. तारखा कागदावर लिहूनही दिल्या होत्या. पहिली तारीख आली, तर चुलत सासरे सकाळीच आमच्या पायरीवर हजर.

"नवस फेडला ना? मंग परत दवाखान्यान जाऊन देवीची परीक्षा बगतंस?"

आमच्याकडे नवस फिटला की दुखण्याचं नावही काढायचं नाही. काढलं तर देवीवर भरवसा नाही, असा अर्थ. देवीने बिचारीने बोकड मागितला नव्हता, की स्कॅन बंद करा म्हणून सांगितलं नव्हतं. पण तिला विचारतो कोण? नवऱ्यालाही सुया नकोच होत्या. ती तारीख गेली, पुढच्याही गेल्या. वर्षभराने त्याला ट्रेलरच्या केबिनमध्ये चढवेना, तेव्हा आम्हाला दवाखाना आठवला.

"वेळेवर आला असता तर बहुधा गाठ लहान असतानाच सापडली असती," डॉक्टर म्हणाले. "सुईने जाळता आली असती. आता बऱ्याच आहेत. मांडीच्या रक्तवाहिनीतून औषध गाठींपर्यंत सोडू, पुढे गोळ्या देऊ. रोग आवरायचा प्रयत्न करू. पूर्ण जाईल, असं सांगत नाही."

सासऱ्यांनी घरी येऊन ऐकलं आणि उपाय काढला, "औंदा दोन बोकड."

"एका बोकडाने वर्ष खाल्लं," मी म्हटलं. "दोघांना काय देऊ?"

ते तणतणत निघून गेले. मला फार बरं वाटलं. त्या माणसाची मला चीड येते, आणि ती मी लपवत नाही.

औषध सोडायच्या दिवशी गाडीत नवरा डोळे मिटून बसला होता. मला वाटलं, झोपला. मी सासऱ्यांचा उद्धार करतच होते. मध्येच त्याने विचारलं, "तारखेचा कागद तू वाचला व्हतास ना?"

घरात शिकलेली मी एकटी. कागद मीच वाचला होता, आणि घडी घालून देवीच्या तसबिरीमागे ठेवला होता.

"व्हय," मी म्हटलं.