रंधा न लावलेलं दार

शनिवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी एव्हिस ट्रेगेन्झा ऑस्ट्रेलियातल्या पेलिकन क्रॉसिंग गावाच्या सार्वजनिक हॉलच्या दारात, गुडघ्याखाली जुनी उशी घेऊन, चौकटीतली स्क्रूची भोकं बुजवत होती. बोटभर लांबीच्या लाकडी खुंट्या तिने घरूनच तासून आणल्या होत्या. खुंटी सरसात बुडवायची, भोकात ठोकायची, बाहेर राहिलेलं टोक पटाशीने सपाट करायचं. अशी बारा भोकं होती. जुन्या भोकाला खेटून नवा स्क्रू पिळला की दोन महिन्यांत तो जुन्याच भोकात घसरतो. हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. पंचविसाव्या वर्षी तिने बसवलेलं बेकरीचं दार गिऱ्हाइकाच्या अंगावर पडलं, तेव्हा ते कळलं.

दाराच्या दोन्ही झडपा आत भिंतीला टेकवून ठेवल्या होत्या. सिल्की ओकच्या लाकडाच्या, आठ फूट उंच. दहा वाजता हॉल समितीची बैठक होती. तोवर दार बसून नीट लागलं, तर ते राहणार होतं. नाही लागलं, तर सोमवारी ॲल्युमिनियमचं दार घेऊन माणसं येणार होती आणि या झडपा सरपणात जाणार होत्या. ठराव तसाच लिहिलेला होता, अध्यक्ष डेस्मंड क्राट्झमनच्या हस्ताक्षरात.

हे दार १९७२ साली एव्हिसच्या वडिलांच्या कारखान्यात तयार झालं. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. सुतारकामाच्या उमेदवारीला मुलींना घेत नसत, त्यामुळे कागदोपत्री ती तिथे चहा करायला होती. त्या हिवाळ्यात वडिलांचा डावा हात प्लास्टरमध्ये होता. झडपांची सगळी कुसवं, म्हणजे खाचेत बसणारी टोकं, तिने कापली, खाचा तिनेच पाडल्या, आणि सांधे सरसावर न सोडता आरपार खुंट्या मारून आवळले. सुतारकीचं प्रमाणपत्र तिला चौतिसाव्या वर्षी मिळालं. तोवर गावातल्या निम्म्या खिडक्या तिच्या हातच्या होत्या.

या वर्षी फेब्रुवारीत मेरी नदी हॉलमध्ये छातीइतकी चढली आणि तीन दिवस राहिली. पाणी उतरल्यावर गावाने दर पुरानंतर करतं तेच केलं. चिखल नळीने धुतला, घरं बंद करून हीटर लावले, आणि दारं अडकायला लागल्यावर त्यांच्यावर रंधा चालवला. डेस्मंडने तर विजेचा रंधा विकत आणला. गाईंचा धंदा मुलाकडे सोपवल्यापासून त्याच्याकडे वेळ होता. स्वतःच्या घरातली अकरा दारं त्याने एका दिवसात तासली आणि दुसऱ्या दिवशी रंधा घेऊन हॉलवर आला. एव्हिस दारातच खुर्ची टाकून बसली होती.

"एव, ऊठ तिथून. पाच मिनिटांचं काम आहे."

"पाच मिनिटांचं आहे म्हणूनच उठत नाही. लाकूड पाणी प्यालंय, डेस. गाय पाणी पिऊन फुगली तर तिचं पोट कापतोस का?"

"माझ्या घरची दारं बघून ये. एका बोटाने लागतात."

"लागणारच. सुकल्यावर बघ काय होतं."

त्याच दुपारी तिने बिजागऱ्या सोडवल्या आणि बहिणीची मुलगी लोरेल हिच्या गाडीतून दोन्ही झडपा घरी नेल्या. तिचं घर, इथल्या सगळ्या जुन्या घरांसारखं, उंच खांबांवर आहे. खाली सावली आणि दिवसभर वारा. तिथे बोटभर जाडीच्या पट्ट्या वीतवीत अंतरावर मांडून तिने झडपा आडव्या ठेवल्या आणि वर रंगाचे भरलेले डबे रचले. ऊन नाही, हीटर नाही. लाकूड जितक्या सावकाश पाणी सोडेल तितकं सरळ राहतं.

सोमवारी सकाळी वजन. न्हाणीघरातल्या काट्यावर झडप उभी करायची, लोरेलने नुसता तोल सांभाळायचा, एव्हिसने आकडा खडूने खांबावर लिहायचा. पहिल्या सोमवारी सत्तेचाळीस किलो. मग चव्वेचाळीस. मग बेचाळीस.

"मावशी, माझं वजन इतक्या नेमाने कोणी केलं नाही," लोरेल म्हणाली.

"हिचं उतरतंय म्हणून करते."

लोरेल हॉल समितीची चिटणीस. डेस्मंडने तिला आधीच बजावलं होतं की या विषयावर भाचीचं मत धरणार नाही.

मे महिन्यात पश्चिमेचा कोरडा वारा सुरू झाला आणि गावातली तासलेली दारं एकेक करून आकसली. डेस्मंडच्या बायकोने, हिल्ड्रेडने, झोपायच्या खोलीच्या दाराखाली टॉवेल कोंबला. न्हाणीघराच्या दाराला तिने आतून चादर लावली, कारण बैठकीच्या खोलीतून आतलं दिसत होतं. डेस्मंड याबद्दल बोलत नसे. हिल्ड्रेड पोस्टात, बेकरीत, सगळीकडे बोलत असे.

जूनमध्ये काटा सलग तीन सोमवार साडेसदतीसवर थांबला. लाकूड सुकलं होतं. एव्हिसने डबे उतरवले, डावीकडच्या झडपेच्या वरच्या आणि खालच्या कडेवर एकेक सरळ पट्टी ठेवली, आणि एक डोळा मिटून दोन्ही पट्ट्या एका रेषेत येतात का ते पाहिलं. येत नव्हत्या. झडपेला पीळ पडला होता. मधल्या बाजूचा वरचा कोपरा नऊ मिलिमीटर बाहेर आला होता.

ती उलट्या डब्यावर बसली. चहा निवला तरी उठली नाही. वजन ठेवून झडप उलटी पिळता येते, पण महिन्याभरात लाकूड परत आपल्या जागी जातं. वडिलांनी चर्चच्या दारावर ते करून पाहिलं होतं. कोपरा तासला तर तिथलं कुसू उघडं पडणार.

बातमी पोस्टापर्यंत जायला एक दिवस लागला.

"नऊ मिलिमीटर?" डेस्मंड पोस्टाच्या पायरीवर उभा राहून म्हणाला. "तेवढ्यातून माझा कुत्रा जाईल."

"तुझ्या न्हाणीघराच्या फटीतून गेला का आधी?" एव्हिस म्हणाली आणि आपली पत्रं घेऊन निघाली. पण त्या रात्री ती जेवली नाही, हे लोरेलला ठाऊक होतं.

उपाय तिला सुचला तो सोपा होता. झडप वाकडी आहे ना, मग बिजागऱ्याही तेवढ्याच वाकड्या बसवायच्या. वरची बिजागरी तीन मिलिमीटर आत, खालची तीन बाहेर, मधली होती तिथेच, पण त्या रेषेत येईल इतपत तिरकी. नऊपैकी सहा तिथे जिरतात. उरलेले तीन, दार ज्या पट्टीवर येऊन टेकतं ती पट्टी सरकवून. झडपेला कुठेच हत्यार लावायचं नाही. म्हणून सकाळपासून ती बारा भोकं.

साडेआठला लोरेल आली. फळीचा तरफेसारखा उपयोग करून, पायाने दाबत, दोघींनी झडपा उचलून बसवल्या. पावणेनऊला डेस्मंड आला. त्याच्या एका हातात पाणसळ होती, दुसऱ्यात विजेचा रंधा.

"लागेल म्हणून आणलाय," तो म्हणाला.

नऊ वाजून दहा मिनिटांनी एव्हिसने पहिल्यांदा दार लावलं. उजवी झडप सरळ आली. डावी वरून अगदी बरोबर येत होती, पण खाली, टेकायला चार बोटं उरली असताना, उंबरठ्यावर घासून थांबली.

डेस्मंडने रंधा पुढे केला.

लोरेलने घड्याळाकडे पाहिलं. "मावशी, खालून अगदी थोडंसंच. कुणाला दिसणारही नाही."

"मला दिसेल."

एव्हिसने झडपेच्या खालच्या कडेला खडू फासला आणि दार पुन्हा हलकेच ओढलं. खडू उंबरठ्याच्या मधोमधच उमटला, दोन्ही टोकांना नाही. तिने डेस्मंडच्या हातातली पाणसळ घेतली, रंधा तिथेच राहू दिला, आणि पाणसळ उंबरठ्यावर ठेवली. बुडबुडा बाजूला सरकला. उंबरठा मध्ये उचलला गेला होता.

"दाराने काही केलेलं नाही," ती म्हणाली. "याच्याखाली नदी बसलीय. स्क्रूड्रायव्हर दे."

उंबरठा निघाला. खाली पुराचा गाळ वाळून विटेसारखा झाला होता. तिने तो पटाशीने खरवडला, लोरेलने चमच्याने, आणि थोडा वेळ नुसतं बघत राहिल्यावर डेस्मंडने आपल्या खिशातल्या चाकूने.

"माझ्याही घराखाली हे असेल?" त्याने विचारलं.

"असेल. पण आता काढलास तर फट आणखी वाढेल."

नऊ पन्नासला उंबरठा परत बसला. समितीचे बाकीचे पाचजण पायऱ्यांवर आले होते. एकाच्या हातात भोपळ्याच्या स्कोनचं, म्हणजे छोट्या गोड पावांचं, ताट होतं. एव्हिसने दार ओढलं. दोन्ही झडपा मध्ये भेटल्या, कडी आपोआप बसली.

डेस्मंडने वर्तमानपत्राची पट्टी फाडली आणि दार उघडून, कागद मध्ये धरून, पुन्हा लावलं. असं चारी बाजूंनी, तेरा ठिकाणी. प्रत्येक ठिकाणी कागद सारखाच अडला आणि सारखाच सुटला. मग त्याने एका बोटाने दार ढकललं. ते उघडलं आणि जिथे सोडलं तिथेच थांबलं, स्वतःहून पुढे गेलं नाही की मागे आलं नाही.

"बरं," तो म्हणाला. "हात वर करा."

सात हात वर आले. त्याने स्वतःचा मोजला, आणि लोरेलचाही.

"भाचीचं धरणार नव्हतास," लोरेल म्हणाली.

"गप बस आणि ठराव लिही."

ॲल्युमिनियमवाल्याला फोन त्यानेच केला, सगळ्यांसमोर, पायरीवर उभा राहून. नंतर त्याने दुसरा ठराव मांडला: यापुढे पूर आला तर हॉलच्या कुठल्याही लाकडाला, सलग तीन सोमवार वजन सारखं भरल्याशिवाय, रंधा लावायचा नाही. तोही एकमताने झाला. त्यानंतर बैठक झालीच नाही. सातहीजण आळीपाळीने दार लावत आणि उघडत राहिले. ज्याच्या हातात स्कोन होता त्याने कोपराने लावलं. एव्हिस पायरीवर बसून चहा पीत होती. तिने मोजलं नाही, पण लोरेलच्या म्हणण्याप्रमाणे चाळीस वेळा तरी झालं असेल.

साडेअकराला हिल्ड्रेड आली. तिने एकदाच दार लावून पाहिलं आणि नवऱ्याकडे वळली.

"हे एकोणीस वर्षांच्या पोरीने केलंय," ती म्हणाली. "तू अडुसष्टाचा आहेस."

डेस्मंडने रंधा गाडीत नेऊन ठेवला.

उद्या रविवार, महिन्याच्या बाजाराचा दिवस. लोरेल सकाळी साडेसहाला हॉल उघडते, सातला टेबलं मांडली जातात, आणि दुपारी एक वाजता दार बंद होतं.