पडवीतला मगध

जुने मित्र जमले की चहा निवायच्या आत आमच्या लढाया सुरू होतात. टेबलावरच्या. किस्से इतके साठलेत की आधी कुठला सांगायचा यावरूनच भांडण होतं. आज मी एकटाच आहे, म्हणून निवांत सांगतो.

ऐंशीच्या दशकात रत्नागिरीत आम्हाला हे खूळ लागलं. नाना खेडेकरच्या पडवीत दोन पिंपांवर जुनं दार टाकायचं, त्यावर बोटभर उंचीचे सैनिक मांडायचे आणि प्राचीन काळच्या लढाया खेळायच्या. बंड्या सुर्वेकडे यवन, म्हणजे ग्रीक, नानाकडे मगध, मी पंच. नियम घरचे. ज्याचा आवाज मोठा, तो जिंकला. बंड्या बोटीवर इंजिनरूममध्ये ओरडायला शिकलेला. नाना सरकारी कारकून, त्याचं बोलणं शेजारच्या टेबलालाही ऐकू जात नसे. तो एकदाही जिंकला नव्हता.

मग बंड्यानेच कुठल्याशा बंदरातून छापील नियमांचं इंग्रजी पुस्तक आणलं. नानाने ते कपाळाला लावलं. "आता ओरडण्याचं काम नाय," तो म्हणाला. नेमका त्याच आठवड्यात त्याच्या दापोलीला बदलीचा हुकूम आला, महिन्याभराने जायचं. जायच्या आधी एक तरी लढाई जिंकायची, एवढंच त्याचं मागणं होतं.

*

पहिल्याच रविवारी नानाने वाचून दाखवलं, खडकाळ जमिनीवर चाल निम्मी. आम्ही तर शोभेसाठी दारभर जांभ्या दगडाचे तुकडे पसरलेले! जेवायची हाक आली तरी दोन्ही फौजांची गाठ पडली नव्हती.

"मेल्या, ह्या चालीने तू दापोलीत रिटायर होशील," बंड्या म्हणाला.

"सड्यावर, कातळात राहतोस ना? मग सवय हवी," नाना म्हणाला.

*

नवा नियम असा की सैनिक घाबरले का, ते फाशाने ठरायचं. नानाने फासा टाकला आणि त्याचे सगळे तिरंदाज पळाले. समोरून अजून कुणी आलंही नव्हतं.

नाना त्यांच्याकडे बघत राहिला. "आमच्याच ऑफिसातले दिसतायत," तो म्हणाला.

*

मगधाला हत्ती हवेत म्हणून नानाने गणपतीच्या कारखान्यातून उरलेल्या शाडूचे दोन करून घेतले. मूर्तिकाराचा हात सवयीने चाललेला. दोघांच्या कपाळावर गंध, डोळे शांत, आणि एकाच्या सोंडेत चक्क मोदक. घरी आल्यावर नानाच्या बायकोने, आमच्या वहिनींनी, त्यांना देव्हाऱ्याजवळ ठेवून हळदकुंकू, जास्वंद वाहिली, आणि मगच लढाईला सोडलं.

पुढच्या लढाईत बंड्याच्या भाल्यांनी त्यातला एक मेला. मेलेला सैनिक समोरच्याने उचलायचा असतो. बंड्याचा हात पुढे होईना. "मी नाय उचलणार. आईला काय सांगू?"

मेलेला उचललाच पाहिजे, नियम तो नियम, म्हणत नानाने स्वतःच उचलला, आणि तीही लढाई हरला. मला फार वाईट वाटलं. वहिनी देवरूखला माहेरी गेल्या होत्या. परत आल्यावर त्यांनी त्या हत्तीचं रीतसर विसर्जन केलं आणि दोन दिवस नानाशी बोलल्या नाहीत.

*

शेवटचा रविवार. दुसऱ्या दिवशी सकाळची नानाची एसटी, वहिनी मागाहून जाणार, दाराशी ट्रंक बांधून ठेवलेली. नानाचा मोदकवाला हत्ती बंड्याच्या सेनापतीच्या पुढ्यात उभा. आणखी एक चाल, की सेनापती पायाखाली. पण आधी पाळी बंड्याची. त्याने भाले फेकले, फासा टाकला. सहा. हत्ती मेला.

नानाने हत्ती उचलायला हात नेला.

"उचलू नका." वहिनी दारात उभ्या, हात पिठाचे. "पूजलेला आहे तो. उत्तरपूजा झाल्याशिवाय लढाईतून काढायचा नाही."

"अगो, पण तो मेलाय."

"भटजी बुधवारी येतील. तोवर तो लढाईतच राहील."

नाना पुस्तक चाळू लागला. पुढून मागे, मागून पुढे. "असं यात कुठे लिहिलेलं नाही," तो म्हणाला.

"लिहिणाऱ्याच्या घरी गणपती बसत नसेल," वहिनी म्हणाल्या आणि आत गेल्या.

बंड्याने हत्तीकडे पाहिलं, मग दाराशी असलेल्या ट्रंकेकडे. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तो हळू आवाजात बोलला.

"नाना, चाल तुझी."