दोन रकान्यांची यादी

शारजाच्या औद्योगिक क्षेत्रातल्या एका छापखान्यात मी अकरा वर्षं कामांचं वेळापत्रक सांभाळलं. औषधांची खोकी, गॅरेजांची बिलबुकं, आणि दरवर्षी रमजानच्या नमाजांच्या वेळांची कार्डं. प्रत्येक कामाची एक पिशवी आणि पिशवीत एक यादी. यादीशिवाय पिशवी पुढे सरकायची नाही, हा नियम माझाच.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नवऱ्याची नोकरी गेल्यामुळे तो पुण्याला परतला होता आणि मुलीची दहावी होईपर्यंत मी तिच्याबरोबर शारजातच थांबले होते. त्या वर्षी मला कशाचं फारसं काही वाटत नसे. सकाळी यादी करायची, संध्याकाळपर्यंत खुणा करायच्या.

अरबी मजकूर तपासायला एक सुदानी गृहस्थ होते. मी त्यांना उस्ताद म्हणायचे, ते मला सिस्टर. नमाजाच्या वेळेत एका मिनिटाची चूक असली तरी त्यांना लगेच दिसायची. "थांबा, सूर्याला विचारतो," म्हणायचे आणि मागच्या वर्षीचं कार्ड काढायचे.

ते कविता लिहीत. महिनाअखेर त्यांना साठ वर्षं पूर्ण होणार होती आणि साठीनंतर कंपनी कोणाचा व्हिसा वाढवत नसे. जाताना त्यांना आपलं पुस्तक छापून सोबत न्यायचं होतं. गावी बायकोची नजर जात चालली होती. "एका डोळ्याने अजून वाचते. अक्षर मोठं ठेवा," एवढंच त्यांनी मागितलं. मालक म्हणाले, उरलेल्या कागदावर छापून द्या. फक्त पुस्तक छापायला सरकारी परवानगी लागे, आणि ती आणणं माझ्याकडे होतं.

मला अरबी वाचता येत नव्हतं. म्हणून जेवणाच्या सुट्टीत ते एकेक कविता इंग्रजीत सांगत आणि मी टिपून घेई. एक्स-रेमधल्या बरगड्या म्हणजे मशिदीच्या कमानी. होकायंत्राची सुई थरथरते आणि मग नमाजाला उभ्या राहिलेल्या माणसासारखी स्थिर होते. समुद्राचं पाणी तापून वाफ होतं तेव्हा मीठ मागे राहतं, तसं हजला निघालेला माणूस नाव, हुद्दा, कपडे मागे ठेवतो. तिथे आम्ही सगळे समुद्राचंच पाणी गोडं करून प्यायचो, त्यामुळे ही मला पटकन कळली. शेवटची मिनाराची आणि तापमापीतल्या पाऱ्याची होती.

घरी टिपणं टाइप करत होते. मुलीने मागून वाचलं आणि म्हणाली, "सो इज इट सायन्स ऑर गॉड, आई?"

प्रश्न मला बरोबर वाटला. मी मधे रेघ मारली. डावीकडे धर्म: कमान, नमाज, हज, मिनार. उजवीकडे विज्ञान: एक्स-रे, होकायंत्र, वाफ, पारा. पान नीटनेटकं दिसत होतं.

अर्जात विषयाची एकच ओळ होती. उस्तादांनी बजावलं होतं, "फक्त कविता लिहा. आणखी काही नको." मी कविता लिहिलं. आणि नेहमीच्या सवयीने ती दोन रकान्यांची यादी अर्जावर टाचली.

दहा दिवसांनी आम्ही कंपनीच्या व्हॅनने चौकशीला गेलो. उन्हामुळे उस्ताद व्हॅनमध्येच बसले. खिडकीवरच्या माणसाने फाइल माझ्याकडे वळवली. सगळ्यात वर माझं पान होतं. डाव्या रकान्याखाली एक शिक्का, उजव्या रकान्याखाली दुसरा. तो सरळपणे म्हणाला, "धर्माचं एका विभागाकडे, विज्ञानाचं दुसऱ्याकडे. दोन्ही अभिप्राय आले की मग. इन्शाल्ला."

"हे पान काढून टाकलं तर?"

"मॅडम, नोंद झाली. खलास."

व्हॅनमध्ये येऊन मी सांगितलं, "बुकरा, इन्शाल्ला."

ते हसले. "उद्या म्हणतात म्हणजे उद्या नाही. सिस्टर, तुम्ही आता पक्क्या अरब झालात."

परतताना ते आपणहून बोलायला लागले. वडील गावात मुलांकडून कुराण पाठ करून घ्यायचे. बायको शाळेत फिजिक्स शिकवायची. "लग्नानंतर एकाच फळीवर माझं कुराण आणि तिचं प्रिझम. माझे वडील म्हणाले, ही काच काढ. ती म्हणाली, काच राहू दे, पुस्तक थोडं सरकवा." मिनार, कमानी त्यांच्या आणि पारा, सुई, वाफ तिची. प्रत्येक कविता ते तिला पत्राने पाठवायचे आणि ती लाल पेनाने तपासून परत पाठवायची. "ह्यातलं तिचं कुठलं आणि माझं कुठलं, आता मलाही सांगता येणार नाही."

मला सांगता आलं असतं. माझ्याकडे त्या यादीची कार्बन कॉपी होती. मी म्हणाले, "ड्रायव्हर, एसी जरा वाढवा."

महिनाअखेर ते पुस्तकाशिवाय गेले. विमानतळावर मी त्यांच्या कागदपत्रांची यादी तपासली, सगळं होतं. ते म्हणाले, "तुम्ही फार धावपळ केलीत. ऑफिसं अशीच असतात." मी मान हलवली.

परवानगी त्यानंतर पाच आठवड्यांनी आली. एक शब्दही बदलायला सांगितला नव्हता. आम्ही मोठ्या अक्षरात छापलं आणि मी चाळीस प्रती कार्गोने पाठवल्या.

दोन महिन्यांनी त्यांचा फॅक्स आला. त्यात लिहिलं होतं: चाळीस प्रती पोहोचल्या. आता बायकोला अक्षर दिसत नाही, म्हणून मी रोज दोन कविता वाचून दाखवतो. शेवटची कविता तिने आधी तपासलेली नव्हती, ती एकच मी तिला न पाठवता तिकडे एकट्याने लिहिली होती. तीत ताप उतरतो आणि अजान देऊन मिनारावरून खाली येणाऱ्या माणसासारखा तापमापीतला पारा खाली येतो. ती म्हणते, चूक. तो पारा आपोआप खाली येत नाही, झटकावा लागतो. ओळ बदलली तर वृत्त मोडेल. तर सिस्टर, उरलेल्या प्रतींसाठी शुद्धिपत्राची एक चिठ्ठी छापाल का?

मी पिशवी केली. चिठ्ठीत एकच वाक्य होतं. नव्या प्रूफरीडरने ते तपासलं. त्याच दिवशी छापून, कापून, गठ्ठा बांधून झाला. सोबतच्या पत्रात यादीचं लिहायचं मी ठरवलं होतं. दोन ओळी लिहिल्याही, आणि मग तो कागद दोन रकान्यांच्या कार्बन कॉपीबरोबर फाइलला लावला. पाकिटात फक्त चिठ्ठ्या गेल्या.

पिशवीतल्या यादीवर मी खूण केली आणि पुढची पिशवी घेतली. त्या वर्षीच्या रमजानच्या कार्डांची होती.