चाकामधली चकती

मार्चच्या दुसऱ्या रविवारी राहू गावात एक जुनी जिप्सी मी एक लाख साठ हजारांना ठरवली. हजर तिघं: विकणारे आप्पा, मी आणि शिरूरचा माझा मेकॅनिक. चारही चाकं ओढायचा फोर-व्हील गिअर टाकला तरी पुढची चाकं ओढत नाहीत, म्हणून आप्पांनी तीस हजार कमी केले होते.

मेकॅनिकला या जपानी गाड्यांची वंशावळ पाठ. बोलताना तो बोनेटवर दोन बोटांनी ताल धरतो. "सत्तर साली तीनशे साठ सीसीचं पिल्लू व्हतं, साहेब. मग ही जिप्सी, आन् आता जिम्नी. शिडीवानी चासी कुणीच सोडली न्हाई. क्रॉसओव्हर? ती शहरातली गुळगुळीत गाडी, लग्नाला न्यायची!"

मग तो पुढच्या चाकाशी उकिडवा बसला. चाकाच्या मधली मातीनं माखलेली चकती पुसून हसला.

"आप्पा, ही कवा फिरवली व्हती?"

"फिरवायची असती व्हय? मला वाटलं शोभेला लावलीय."

"अवो, ह्यो लॉक हाय!"

दोन्ही चाकांच्या चकत्या फिरवून त्यानं मला शेजारी बसवलं. "ह्या फिरवल्याबिगर पुढच्या चाकांना ताकदच जात न्हाई," असं मला सांगत त्यानं गाडी सरळ नदीच्या वाळूत घातली. चारही चाकं वाळू उडवत दरड चढली. पन्नाशीतला मी मोठ्यानं ओरडलो.

आप्पांजवळ गाडीतून उतरताना मी त्याला डोळ्यांनी खुणावलं, गप्प राहा. त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "आप्पा, गाडी ठणठणीत हाय. तीस हजार उगाच सोडले तुम्ही."

मला राग आला, लाजही वाटली. आप्पांना मी एक लाख नव्वद हजार दिले. मेकॅनिकला हजार देत होतो. त्यानं ठरलेले पाचशेच घेतले.