फॅक्टरी करेक्ट गांधार

मघाशी तुम्ही विचारलंत ना, दोह्यात इतकी वर्षं काढून हा माणूस इथल्या कडक, दुधाळ करक चहाला नको का म्हणतो? सांगतो. पण ऐकून झाल्यावर माझ्याविषयी तुमचं मत बिघडलं, तर दोष माझ्या एकट्याचा नाही. त्यात दोन हॉर्नही सामील आहेत.

आमचे इकबालभाई मूळचे रत्नागिरीचे. इथे इंडस्ट्रियल एरियात त्यांचं जुन्या गाड्यांचं गॅरेज आहे. जुन्या म्हणजे माझ्या गाडीसारख्या नव्हेत. साठ-सत्तर सालच्या अमेरिकन मसल कार. लांबलचक बॉनेट, दोनच दारं, आणि सुरू केली की शेजारच्या बिल्डिंगमधलं झोपलेलं मूल उठावं असा आवाज. इकबालभाई असल्या गाड्या पार सोलून काढतात आणि कंपनीतून निघाल्या तशाच पुन्हा जोडतात. 'फॅक्टरी करेक्ट' हा त्यांचा जपाचा मंत्र. स्क्रू असो की सीटचा धागा, फॅक्टरी करेक्टच पाहिजे. भाभींनी बिर्याणीत बटाटा घातला तरी हे ताटावरून विचारणार, "हा फॅक्टरी करेक्ट आहे काय?"

माझी बायको, नीलिमा, गेली तेव्हा तिला पुण्याला न्यायची सगळी धावपळ याच माणसाने केली. मी नुसता काउंटरपाशी उभा होतो. नंतरही किती दिवस ते दर शुक्रवारी डबा घेऊन यायचे, समोर बसायचे, फारसं बोलायचे नाहीत. अशा माणसासाठी आपणही काहीतरी करावं असं वाटणारच. वाटलं तिथवर ठीक होतं. मी केलं.

त्यांचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे बू नासर नावाचे वयस्कर कतारी गृहस्थ. त्यांची सत्तर सालची नारिंगी गाडी इकबालभाईंनी जीव ओतून तयार केली होती. बू नासरांच्या शेडमध्ये तशा आणखी बऱ्याच गाड्या धूळ खात पडल्या होत्या. ही गाडी जुन्या गाड्यांच्या शोमध्ये परीक्षकाने पास केली, तर त्या सगळ्या इकबालभाईंकडे येणार. नाही केली, तर एका गोऱ्या माणसाच्या गॅरेजकडे जाणार. बू नासरांनी हे तोंडावर सांगितलं होतं.

आणि सगळं झालं तरी अडलं होतं हॉर्नपाशी. या गाडीला कंपनीने दोन हॉर्न दिलेले. एक खालच्या आवाजाचा, लो नोट, आणि एक वरच्या, हाय नोट. दिसायला गोगलगायीसारखे वळलेले, अंगावर नंबर कोरलेला, काळा रंगसुद्धा ठरलेला, ना फार चमकणारा, ना फार मंद. अमेरिकेतल्या कुठल्याशा भंगारवाल्याकडून ती जोडी एकदाची आली, तीही शोच्या तोंडावर.

शुक्रवारी सकाळी फोन. "पाटणकरसाब, तुमचा कान पायजे."

कान म्हणजे असं. नीलिमा गायची आणि मी पेटीवर साथ करायचो. मंडळाच्या कार्यक्रमात लोक तिला ऐकायला यायचे, माझ्याकडे पंखा वळवायचे. ती गेल्यापासून पेटी खोळीतच आहे.

मी गॅरेजमध्ये पोचलो. इकबालभाईंनी हॉर्न दाबला आणि मी स्टुलावरून उठलोच. अहो, खालचा हॉर्न थेट पांढरी चारमध्ये. आणि वरचा त्याचा गांधार. सा आणि ग. त्या अमेरिकन कारखान्यात कोणीतरी तानपुरा लावून बसलं असेल की काय?

"कसा आहे?" इकबालभाईंनी विचारलं.

"सुरेल आहे. फक्त गांधार किंचित चढा वाटतो."

"किती चढा?"

"केसभर."

"मग तो केस तिथेच ऱ्हाऊ द्या. कंपनीने चढा दिलाय, तर चढाच पायजे. हात नाय लावायचा." आणि ते हातपाय धुवायला आत गेले.

आता तुम्हीच सांगा, समोर गांधार चढा असताना माणसाने काय करावं? नीलिमा म्हणायची, "मी चुकले तर लोक माफ करतील. तुम्ही भर बैठकीत मला सुधारायला जाता, ते नाही करणार." पण ते तिथे आठवलं नाही. हॉर्नच्या पाठीमागे एक छोटा स्क्रू होता. शेजारीच स्क्रूड्रायव्हर. पाव वेढा फिरवला, हॉर्न दाबून पाहिला. अजून पाव. मग अजून थोडा. आणि गांधार असा बसला म्हणून सांगू, मी डोळे मिटून घेतले. कितीतरी महिन्यांनी काहीतरी जागच्या जागी बसलं होतं.

इकबालभाई आले, घाईघाईने बॉनेट लावलं, आणि आम्ही त्याच गाडीतून शोला निघालो. वाटेत अबू हमूर भागात त्यांचा इस्त्रीचा शर्ट घ्यायचा होता. लाँड्रीसमोर जागा नव्हती, म्हणून त्यांनी गाडी पलीकडे चहाच्या दुकानांच्या रांगेसमोर उभी केली.

"आलोच. कशाला हात लावू नका."

"छे."

इथली पद्धत तुम्हाला ठाऊकच आहे. चहासाठी कोणी गाडीतून उतरत नाही. दुकानासमोर हॉर्न द्यायचा, वेटर काचेपाशी येतो, बोटांनी आकडा सांगायचा, कप हातात. तर मी त्या रांगेसमोर, त्या गाडीत, एकटा. मनात आलं, गांधार एकदा पुन्हा ऐकावा. अगदी हलकी टिचकी मारली.

हॉर्न वाजला. आणि वाजतच राहिला.

मी हात काढला. वाजतोय. स्टिअरिंगवर चापट मारली. वाजतोय. किल्ली बंद करून बाहेर काढली. हॉर्नला किल्लीशी देणंघेणं नसतं, हे मला त्या दिवशी कळलं. बॉनेट उघडायची कळ आत शोधत होतो, तेवढ्यात पहिल्या दुकानाचा वेटर धावत आला.

"साब, कितना?"

त्या गोंगाटात बोलणार काय? मी पंजा दाखवला. म्हणजे, थांब बाबा. इथे 'थांब' म्हणायला पाची बोटं चिमटीसारखी जुळवून दाखवतात, हे मला माहीत आहे. इतक्या वर्षांनी कोणालाही माहीत असतं. पण जीव घाबरला की हात मराठीतच बोलतो.

तो मान डोलावून गेला. पाच चहा.

हॉर्न चालूच. शेजारच्या दुकानाला वाटलं, हे साहेब आपल्यालाच बोलावतायत आणि फार तापलेत. तिथला वेटर आला. मी पुन्हा पंजा दाखवला. आणखी पाच. तिसरा आला तेव्हा मी दोन्ही हात हलवले. नको, नको. तो खूश होऊन पळाला. दहा.

मागून चौथा येताना दिसला, तेव्हा मी हात मांडीखाली घालून बसलो. तर तो खिडकीतून आत वाकून हिंदीत म्हणाला, "साब, बहुत मेहमान है क्या?"

पहिला ट्रे आला. कप डॅशबोर्डवर, सीटवर, माझ्या मांडीवर. फॅक्टरी करेक्ट सीटवर चहा सांडू नये म्हणून मी पुतळ्यासारखा बसलो. आजूबाजूच्या गाड्यांतून लोक फोन काढून शूटिंग करायला लागले. तेवढ्यात वरचा हॉर्न खाकरला, जळका वास आला, आणि माझा गांधार कायमचा बसला. खालचा सा एकटाच ओरडत राहिला.

हँगरला लावलेला शर्ट घेऊन इकबालभाई पळत आले. त्यांनी पुढून बॉनेट उघडलं आणि वायर उपटली. एकदम शांतता. रस्त्यापर्यंत ट्रे घेतलेले वेटर उभे.

"ही ऑर्डर कोणाची?"

"माझी."

त्यांनी वाकून हॉर्न पाहिला आणि तसेच वाकलेले राहिले. "स्क्रू कोणी फिरवला?"

"गांधार जरा..."

"पाटणकरसाब, त्या स्क्रूने सूर बदलतच नाय. करंट वाढतो. हॉर्नने जास्त करंट खेचला, हॉर्न चालू-बंद करणारा रिले चिकटला, कॉइल जळली."

"पण मला फरक स्पष्ट ऐकू आला."

"तुमाला आला. हॉर्नला नाय आला."

ओरडले असते तर बरं झालं असतं. ते फुटपाथवर बसले आणि एक कप उचलून प्यायले. मग म्हणाले, "गेल्या गाड्या गोऱ्याकडे."

मी म्हटलं, इथल्या दुकानातून नवा हॉर्न आणू. त्यांनी विचारलं, त्यावर सत्तर सालचा नंबर तुमी कोरणार काय? शेवटी त्यांनी रिले उघडून घासला, खालचा हॉर्न जोडला, जळलेला वरचाही तसाच ठेवला. नंबर बरोबर, रंग बरोबर. परीक्षकाने वाजवून बघितलं नाही, तर निभावलं.

शोमध्ये बू नासर शुभ्र, पायघोळ अरबी थोब घालून गाडीपाशी उभे होते. "ये कौन?" त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं.

"दोस्त है. म्युझिक का आदमी," इकबालभाई म्हणाले. त्या परिस्थितीत यापेक्षा सभ्य उत्तर मला सुचलं नसतं.

परीक्षक म्हणजे एक उंच, वाकलेला अमेरिकन म्हातारा. हातात टॉर्च. त्याने चाकं पाहिली, इंजिन पाहिलं, सीट पाहिल्या. शेवटी हॉर्नपाशी आला, नंबर वाचला, रंगावरून नख फिरवलं आणि समाधानाने हुंकारला. इकबालभाईंनी श्वास सोडला. तेवढ्यात तो म्हणाला, "आता जरा वाजवा."

इकबालभाई आत बसले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. डोळे मिटून हॉर्न दाबला.

नुसता सा. उघडाबोडका.

आता बघा, जन्मभर साथीला बसलेल्या माणसाचा हा रोग असतो. समोर सा लागला आणि जागा रिकामी दिसली की भरावी लागते. मी ठरवून काही केलं नाही, खरंच सांगतो. बॉनेटपाशी उभा होतो, तिथूनच खणखणीत गांधार लावला. आकारात नाही, तेवढं भान होतं. चक्क "पोंऽऽ" असा.

इकबालभाई घाबरून हॉर्न सोडेनात, म्हणून मीही सोडेना. त्यांनी हात काढला. मी थोडा उशिरा थांबलो.

आसपासची माणसं वळून बघत होती. परीक्षकाने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "पुन्हा एकदा."

आम्ही पुन्हा एकदा वाजवला. या वेळी एकत्र थांबलो.

म्हातारा माझ्याजवळ आला. "तुम्ही कोणत्या सालचे?"

"सत्तर," मी म्हणालो. ते खरंच आहे.

त्याने मान हलवली. "साल बरोबर आहे. देश चुकला."

बू नासर बॉनेटला धरून हसत होते. हसू ओसरल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि एकदम गंभीर होऊन विचारलं, "ओरिजिनल हॉर्न किसने खराब किया? इकबाल ने?"

"नहीं," मी म्हणालो. "मैंने."

"इकबाल ने मना किया था?"

"दो बार."

परीक्षक म्हणाला की बाकी गाडी निर्दोष आहे, फक्त हाय नोट अडते. दुसरा हॉर्न मिळेपर्यंत तो सर्टिफिकेट देणार नाही. इकबालभाई खाली मान घालून उभे होते, नव्या इस्त्रीच्या शर्टात. मला तिथून विरघळून जाता आलं असतं तर बरं झालं असतं.

बू नासरांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "इकबाल, बाकी सब गाड़ी भी तुम ही ले जाओ. खलास." मग माझ्याकडे बोट केलं. "लेकिन ये हॉर्न किसी में नहीं लगाना."