सात मिनिटांचे ऊन

करी रोडला आमच्या शेजारच्या गच्चीवर एक तरुण रोज सकाळी पाठ उन्हाला देऊन बसे. पाठीवर सोरायसिसचे चट्टे होते; ते लोकांना दिसू नयेत म्हणून त्याने मल्लखांब सोडला होता. मोबाइलचा गजर वाजताच तो सदरा घाली.

“ऊन कोवळं आहे, बसा की अजून,” मी एकदा म्हणालो.

“तिथंच चुकलो होतो, सर. लवकर बरं व्हायला तासभर बसलो, पाठ भाजली, चट्टे वाढले. डॉक्टर म्हणाल्या, ऊन औषधासारखं मोजून घ्या. आता सात मिनिटं म्हणजे सातच.”

आयुष्यभर शाळेत मुलांना शिस्त शिकवणारा मी त्याला पुन्हा कधी ‘अजून बसा’ म्हणालो नाही.

हिवाळ्यात लालबागच्या मैदानावर गर्दी दिसली. मल्लखांबाच्या टोकावर तोच होता. चट्टे फिके झाले होते, पुरते गेले नव्हते. सगळ्यांदेखत, उघड्या पाठीने, त्याने दोन्ही हात सोडले.