सेवापुस्तकाचे पहिले पान

ती घटना आठवली की आजही मला थोडे अवघडल्यासारखे होते. निवृत्त अधिकाऱ्याने आपल्या यशाच्या गोष्टी सांगाव्यात, असा संकेत आहे. मी लिहायला फार उशिरा बसलो, आणि बसल्यावर हीच केस आधी आठवली. तिचा उलगडा मी केलेला नाही.

दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षे. मी इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सला डिटेक्टिव्ह सार्जंट होतो. भारतातून नव्याने आलेल्या कुटुंबांची मुले इंग्रजीतून गणित शिकताना अडखळत, म्हणून तिथल्या एका शाळेने महाराष्ट्रातून वर्षभरासाठी शिक्षिका बोलावल्या होत्या. त्यांतल्या एकीविषयी ठाण्यात निनावी फोन आला : ही बाई दुसऱ्याच कुणाच्या पदवीवर शिकवते आहे.

कागदपत्रे मागवली. पदवीवर एक नाव, पासपोर्टवर दुसरे. पहिले, मधले, शेवटचे, तिन्ही वेगळी. शाळेने बाईंना त्याच दिवशी वर्गाबाहेर केले. दोन आठवड्यांत खुलासा झाला नाही, तर त्यांना परत पाठवले जाणार होते, आणि खोट्या पदवीचा डाग त्यांच्याआधी गावी पोहोचणार होता.

जबाबाच्या खोलीत टेप सुरू झाली. शेजारी वकील, माझ्या बाजूला एक इंग्रज महिला कॉन्स्टेबल. नेहमीप्रमाणे पहिला प्रश्न : पूर्ण नाव सांगा.

“कुठलं सांगू?” बाईंनी शांतपणे विचारले.

“खरं.”

“दोन्ही खरी आहेत. लग्न झालं माझं.”

“लग्नाने आडनाव बदलतं. पहिलं नाव कसं बदलेल?”

बाई माझ्याकडे वळल्या. मग मराठीत म्हणाल्या, “साहेब, तुम्ही आपल्यातलेच ना? घरी गेलात की आईंना विचारा.”

“काय म्हणाल्या?” कॉन्स्टेबलने विचारले.

“माझ्या आईची चौकशी केली.”

“मग बोलवायचं का त्यांना साक्षीला?” ती हसली. मी हसलो नाही. मला तो टोमणा वाटला आणि टिपणवहीत मी लिहिले : उत्तर टाळले.

त्या रविवारी लंडनजवळच्या पिनरला आईकडे गेलो. वडील डॉक्टर होते. त्यांच्यामागे ती एकटीच राहत असे. पोहे खाता खाता, कुणाचेही नाव न घेता एका शिक्षिकेची गोष्ट सांगून मी सहज विचारले, लग्नात पहिले नावही बदलते का. आई बशी खाली ठेवून म्हणाली, “अरे, माझंही बदललंच की. ताटातल्या तांदळावर तुझ्या बाबांनी अंगठीने नवं नाव लिहिलं, झालं. आमच्याकडे सगळ्या सुनांचं नाव बदलायचे.”

“मग जुन्या नावाची बाई तूच, हे कोर्टात कसं दाखवशील?”

“तुझी ती शिक्षिका इकडे यायच्या आधी सरकारी शाळेत होती का?”

“हो. लग्नाआधीपासून.”

“मग सेवापुस्तक मागव. मी दोन वर्षं शाळेत शिकवत होते ना, हेडमास्तरांनी लग्नानंतर माझं नवं नाव त्यात चढवलं होतं. आणि पहिल्या पानावर बोटांचे ठसे असतात. तुम्हा पोलिसांना तेच लागतात ना?”

इतकी वर्षे मी ठशांवर गुन्हे शाबीत करत होतो. हे मला सुचले नव्हते.

सोमवारी फॅक्स केला. नऊ दिवसांनी बाईंच्या जुन्या शाळेकडून साक्षांकित प्रत आली. नावबदलाची नोंद होती, हेडमास्तरांची सही होती आणि पहिल्या पानावर डाव्या हाताचे ठसे होते. बाईंनी आपले ठसे आनंदाने दिले. ते जुळले. दुसऱ्या दिवशी त्या वर्गात उभ्या होत्या.

मी शाळेत जाऊन माफी मागितली. त्यांनी फळ्यावरचे गणित आधी पूर्ण केले, मग वळून विचारले, “विचारलंत ना आईंना?”

“विचारलं.”

“मग, काय होतं त्यांचं नाव?”

 नाव बदलले, एवढेच मी ऐकून आलो होतो. कुठले नाव, हे विचारायचे राहिलेच होते. हजारो अनोळखी माणसांना पहिला प्रश्न ‘पूर्ण नाव’ असा केलेला मी माणूस. जे आपल्याला ठाऊकच आहे असे वाटते, त्याची चौकशी आपण करत नाही; या केसने मला शिकवले ते एवढेच.

संध्याकाळी फोन केला.  आईने हळूच ते नाव सांगितले. ते मी इथे लिहीत नाही. तिच्या पुढच्या वाढदिवसाला मात्र पाकिटावर तेच लिहून कार्ड पाठवले. दोन दिवसांनी भेटायला गेलो, तर पाकीट देवघराशेजारी उभे होते. अजून उघडलेले नव्हते.

“आत काय आहे ते बघ तरी,” मी म्हणालो.

“बघते रे,” आई म्हणाली. “अजून वरचंच वाचून होत नाहीये.”